फासा खरा की खोटा?

एक फासा 60 वेळा टाकला. सहाचे दान 20 वेळा पडले, बाकीची प्रत्येकी 8 वेळा. फासा खरा असेल तर प्रत्येक दान सरासरी 10 वेळा पडावे. मग हा फरक योगायोग, की फाशातच खोट?

1900 साली कार्ल पिअर्सन यांनी याचे माप दिले: काय-वर्ग. प्रत्येक दानातल्या फरकाचा वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा, सगळे मिळवा. इथे बेरीज येते 12. खऱ्या फाशाची बेरीज 11.07 च्या वर जाण्याची शक्यता जेमतेम 5 टक्के. म्हणजे संशय रास्तच!

काय-वर्ग अपेक्षित आणि प्रत्यक्ष दानांतले अंतरच मोजतो. अशा दोन वितरणांतले, म्हणजे शक्यतांच्या दोन वाटण्यांतले, अंतर मोजण्याची आणखी एक फार सुंदर रीत 1943 साली कलकत्त्याच्या अनिलकुमार भट्टाचार्य यांनी मांडली. ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.