परकोटाबाहेरचे पाणी



आज आपण राजापेठेत जमलो आहोत, म्हणजे जुन्या परकोटाच्या बाहेर. पेंढाऱ्यांच्या भयाने निजामाच्या अमदानीत १८०७ साली अमरावतीभोवती तो बांधावयास घेतला. त्याचे दरवाजे आणि खिडक्या अजून उभ्या आहेत. गाव मात्र केव्हाच भिंतीबाहेर पसरले, आणि ते कपाशीच्या बळावर. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ त अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आपल्या काळ्या रानाला सोन्याचा भाव आला. १८६७ त बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोचली. इतिहास एवढा पुरे. आम्हांस बोलावयाचे आहे पाण्याविषयी.

उत्तरेस मेळघाट. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात कोरकू बाया नदीच्या वाळूत झिरे उकरतात. खाली पूर्णेकाठी, दर्यापूर-भातकुलीकडे, जमीन कसदार, पण विहिरींचे पाणी खारे. पाहुण्याच्या चहासाठीदेखील गोडे पाणी दुरून आणावे, अशा तेथे पिढ्या गेल्या. वरुड-मोर्शीकडचे पाणी गोडे. ते संत्र्याच्या बागांसाठी इतके उपसले की बोअर खोलखोल जात आहेत.

आणि आपण? आपल्या नळास येते ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे, ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी. तेच तिकडच्या शेतकऱ्यासही हवे आहे. नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर होतात, तेव्हा या दोघांचा हिशेब एका कागदावर मांडलेला आम्हांस तरी दिसला नाही.