तीही बाळंतीणच



आज मला बारशाआधीच गेलेल्या बाळाविषयी आणि त्याच्या घराविषयी बोलायचं आहे. या मृत्यूला आपल्याकडे बहुतेक घरांत ना दहावा, ना तेरावा. दहनही नाही. घरातले पुरुष दुपट्यात गुंडाळून नेतात, पुरतात आणि परत येतात. आई तेव्हा बहुधा वॉर्डातच असते. पुष्कळदा तिनं बाळाचं तोंडही धड पाहिलेलं नसतं, कारण जन्मल्या जन्मल्या ते काचेच्या पेटीत गेलेलं असतं.

आकडे थोडक्यात सांगतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ११ पहिल्या २८ दिवसांत दगावली. देशात हे प्रमाण २० होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो अभ्यास छापला. म्हणजे बाळं वाचवता येतात आणि वाचवलीच पाहिजेत. पण जे बाळ वाचलं नाही, त्याच्या घरी काय चालतं, याची चौकशी कोणी करत नाही.

आई घरी यायच्या आत झबली-टोपडी माळ्यावर जातात, उसना आणलेला पाळणा परत जातो. यामागे मायाच असते, पण तिला विचारलेलं नसतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. शरीराला बातमी कळलेली नसते. छाती दगडासारखी होते, शेजारचं मूल रडलं की ब्लाउज भिजतो, आणि हे सांगायचं कोणाला म्हणून ती न्हाणीघरात जाऊन पदर पिळते. अशा वेळी थंड पट्ट्या ठेवाव्यात, असह्य झालं तर आराम पडण्यापुरतंच दूध काढावं, ताप आला तर डॉक्टर गाठावा. एवढं तरी तिला दवाखान्यातून निघताना कोणी सांगायला हवं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. बाळ गमावलेल्या काही आयाही अशा पेढीला दूध देतात. ज्यांना द्यावंसं वाटेल त्यांनी द्यावं, पण कोणी गळ घालू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही बाईसुद्धा बाळंतीण आहे. तिचेही टाके ओले आहेत, रक्त गेलेलं आहे, कंबर धरलेली आहे. बाळ असतं तर शेक, मालिश, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती मिळाली असती. बाळ नाही म्हणून आठवड्यात ती ओट्यापाशी उभी! अळिवाची खीर एक वेळ राहू द्या, तिनं दूध वाढतं म्हणतात. पण बाकीचं बाळंतपण तिचं तिला मिळालंच पाहिजे. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा दिली. सरकारी कागदाला जे कळलं, ते आपल्या घरांना कळायला हरकत नाही.

बापाचं दुःख कागदपत्रांत जातं. श्वास घेऊन गेलेल्या बाळाच्या दोन नोंदी होतात, जन्माची आणि मृत्यूची. त्यानं त्या करून घ्याव्यात, दाखले जपून ठेवावेत. हे मूल आलं होतं, याचा तो पुरावा आहे. थोरल्या भावंडाला ‘बाळ झोपलंय’ असं सांगू नका, ते झोपायला घाबरतं. ‘बाळ खूप आजारी होतं, ते मेलं, यात तुझी काही चूक नाही,’ असं सरळ सांगा.

आपल्या आज्यांना मुलं किती विचारलं की त्या म्हणत, ‘सात झाली, चार राहिली.’ गेलेली त्यांच्या हिशोबात असत. आपण ती मोजणं सोडलं आणि त्याऐवजी बोलायला शिकलो: ‘विसरून जा’, ‘दुसरं होईल’, ‘लळा लागायच्या आत गेलं ते बरं’. लळा नऊ महिने आधीच लागलेला असतो.

आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दहा दिवसांवरून आपण एका वाक्यात उडी मारतो आणि त्यांच्या १८८६ च्या डॉक्टरकीच्या पदवीवर येतो. दुःखाचं काहीतरी भव्य झालंच पाहिजे, अशी अपेक्षा प्रत्येक आईकडून करू नका. ती रोज उठली, जेवली, तरी पुष्कळ आहे. आणि आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न जात नाही, जगू नयेसं वाटतं, असं असेल तर वाट पाहू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर फोन करा, डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या नात्यात, तुमच्या आळीत असं घर असेल तर या आठवड्यात तिथे जा. डबा घेऊन जा. बाळ कसं होतं, नाव काय ठेवणार होतात, हे विचारा. नको म्हणाले तर गप्प बसा. बोलू लागले तर त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नका.