तिसऱ्या उमेदवाराकडे बघताना



निवडणूक तोंडावर आली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला मतदान. गेले वर्षभर चार मराठी घरं एकत्र जमली की जेवणाआधी ट्रम्प आणि जेवणानंतर हिलरी, असंच चाललं आहे. आज मी या दोघांबद्दल बोलणार नाही. आपल्या मतपत्रिकेवर आणखी एक नाव आहे, गॅरी जॉन्सन. लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार. त्यांच्या भूमिका काय आहेत आणि आपल्यासारख्या घरांना त्यातून काय मिळेल, काय जाईल, याचा आज हिशेब मांडू या.

आधीच सांगतो, आपला कार्यक्रम कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करत नाही. मीही करणार नाही. गेल्या वर्षी मी या देशाचा नागरिक झालो, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी हे माझं पहिलं मत. नावं झाकून नुसत्या भूमिका वाचल्या, तेव्हा मला सगळ्यात जवळचे वाटले ते जॉन्सन. मग मी जरा खोलात गेलो, आणि ते तितकं सोपं राहिलं नाही.

आधी माणसाची ओळख. जॉन्सन यांनी कॉलेजात असताना दारोदार जाऊन घरदुरुस्तीची छोटी कामं घ्यायला सुरुवात केली. त्यातून बांधकामाची कंपनी उभी राहिली आणि इंटेलच्या न्यू मेक्सिकोतल्या कारखान्याची कामं मिळाल्यावर ती मोठी झाली. १९९४ आणि १९९८ अशा दोन निवडणुका जिंकून ते आठ वर्षं न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर होते, तेव्हा रिपब्लिकन पक्षातून. त्या काळात त्यांनी ७०० हून अधिक विधेयकांवर नकाराधिकार वापरला. २००३ साली एव्हरेस्ट चढून आले. २०१२ साली लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना सुमारे एक टक्का मतं मिळाली. यंदा ते पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर आहेत, आणि जोडीला मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर बिल वेल्ड आहेत.

आता लिबर्टेरियन म्हणजे काय? थोडक्यात सांगायचं तर, सरकारने माझ्या खिशात हात घालू नये आणि माझ्या घरातही डोकावू नये. त्यामुळे करांच्या बाबतीत हे लोक रिपब्लिकनांच्याही उजवीकडे असतात. गर्भपात, समलिंगी विवाह, गांजा या बाबतीत ते डेमोक्रॅटांच्या बाजूचे वाटतात. वरवर पाहिलं तर हा खिचडीचा प्रकार वाटतो, पण मुळात प्रश्न एकच असतो: हे काम सरकारने करायलाच हवं का?

मराठी माणसाला हा विचार अगदीच परका नाही. शरद जोशी आठवा. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला. कांद्याचं आंदोलन उभं केलं. त्यांचं म्हणणं होतं, शेतकऱ्याला सबसिडी नको, सरकारने त्याच्या मालाचे भाव पाडणं बंद करावं. त्यांचा स्वतंत्र भारत पक्ष निवडणुकीत फारसा चालला नाही, पण कांद्याची निर्यात बंद झाली की आजही जो वाद होतो, तो त्यांच्याच भाषेत होतो. जॉन्सन यांचं बोलणं ऐकताना मला मधूनमधून तेच आठवतं.

आता एकेक मुद्दा घेऊ. पहिला, कराचा. जॉन्सन यांना आयकर आणि कंपन्यांवरचा कर रद्द करायचा आहे, आयआरएस बंद करायची आहे, आणि त्याऐवजी फेअरटॅक्स नावाचा राष्ट्रीय विक्रीकर आणायचा आहे. दर सांगितला जातो २३ टक्के. इथे जरा थांबा. हा दर करासकट किमतीवर मोजलेला आहे. शंभर डॉलर दिलेत तर त्यातले २३ सरकारचे आणि ७७ दुकानदाराचे. आपण दुकानात सेल्स टॅक्स जसा मोजतो, तसा मोजला तर ७७ वर २३, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. राज्याचा सेल्स टॅक्स त्यावर वेगळा.

गरिबांवर बोजा पडू नये म्हणून दर महिन्याला प्रत्येक घराला काही रक्कम आगाऊ परत द्यायची, अशी त्यात सोय आहे. एकट्या माणसासाठी यंदाची दारिद्र्यरेषा ११,८८० डॉलरची. त्याच्या २३ टक्क्यांचे बारा भाग केले की महिन्याला साधारण २२८ डॉलर येतात. बचत करणाऱ्याला हा कर फायद्याचा, कारण कर खर्चावर आहे, कमाईवर नाही. आणि आपण मराठी माणसं बचतीत मागे नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ज्याने आयुष्यभर आयकर भरून पैसे साठवले आणि जो आता निवृत्त आहे, तो खर्च करताना त्याच पैशावर पुन्हा कर देणार. दुसरं, फेअरटॅक्सच्या विधेयकात ही परत मिळणारी रक्कम सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या माणसांवर मोजली जाते. एच-४ वर असलेल्या बहुतेक बायकामुलांकडे तो नंबर नसतो. म्हणजे कर चौघांनी भरायचा आणि परतफेड एकाचीच.

दुसरा मुद्दा इमिग्रेशनचा. इथे जॉन्सन यांची भूमिका दोन्ही मोठ्या उमेदवारांपेक्षा मोकळी आहे. भिंत नको, लाखो लोकांना पकडून परत पाठवणं नको, कामाचा व्हिसा सहज मिळावा आणि किती माणसं लागतील ते बाजाराने ठरवावं. या एप्रिलमध्ये एच-१बी च्या ८५,००० जागांसाठी २ लाख ३६ हजार अर्ज आले आणि लॉटरी काढावी लागली. आपल्यातल्या किती मुलांची नोकरी त्या लॉटरीवर अडकली, ते आपल्याला माहीत आहे. ग्रीन कार्डाचं तर विचारूच नका. एका देशाच्या वाट्याला सात टक्के, मग तो देश भारत असो की आइसलँड. पण ही सात टक्क्यांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष ती सहीने काढू शकत नाही, आणि लिबर्टेरियन पक्षाचा काँग्रेसमध्ये एकही सदस्य नाही.

तिसरा मुद्दा गांजाचा. हे ऐकून काही आई-वडील रेडिओ बंद करतील, पण दोन मिनिटं ऐका. १९९९ साली गव्हर्नर असतानाच जॉन्सन यांनी गांजा कायदेशीर करावा असं जाहीरपणे म्हटलं होतं. तेव्हा असं बोलायला हिंमत लागत होती. अलीकडे ते गांजाच्या एका कंपनीचे प्रमुखही होते, तेही लक्षात असू द्या. आपल्या दृष्टीने मुद्दा असा, की कोलोरॅडोत किंवा वॉशिंग्टन राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या कायद्याने चालतं. ग्रीन कार्डवरच्या मुलाने कॉलेजात मित्रांबरोबर केलेला प्रकार त्याला पुढे महागात पडू शकतो. निवडून कोणीही येवो, घरात हे मुलांशी नक्की बोला.

चौथा, परराष्ट्र धोरण. दुसऱ्या देशातली सरकारं उलथवण्याच्या भानगडीत अमेरिकेने पडू नये, व्यापार मात्र सगळ्यांशी खुला ठेवावा, असं ते म्हणतात. इराक आणि लिबियानंतर ही गोष्ट पटण्यासारखी आहे. पण ८ सप्टेंबरला टीव्हीवर त्यांना अलेप्पोबद्दल विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, अलेप्पो म्हणजे काय? पुढे त्याच महिन्यात एका आवडत्या परदेशी नेत्याचं नावही त्यांना पटकन सांगता आलं नाही. हस्तक्षेप करू नये हे धोरण असू शकतं, पण कशात हस्तक्षेप करायचा नाही हे माहीत असायला हवं.

आता पाचवा मुद्दा, आणि माझं गाडं इथेच अडलं. शिक्षण आणि आरोग्य. जॉन्सन यांना केंद्राचं शिक्षण खातं बंद करायचं आहे. त्याने आपल्या मुलांच्या शाळा बंद पडणार नाहीत, कारण शाळांचा बहुतेक पैसा राज्याच्या आणि स्थानिक करांतून येतो. पण विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत हक्काने मदत मिळते, ती १९७५ च्या केंद्रीय कायद्यामुळे, आणि त्यावर देखरेख हेच खातं ठेवतं. ते काम नंतर कोण करणार? आरोग्याचंही तसंच. ओबामाकेअर रद्द करायचं, आणि मेडिकेअर, मेडिकेडचा पैसा ठरावीक रकमेत राज्यांकडे सोपवायचा.

माझे आई-बाबा दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आले. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, एकदा अँजिओप्लास्टी झाली आहे. मेडिकेअर विकत घ्यायचं तरी आधी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर त्यांचा विमा ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसमधून आहे. जुना आजार आहे म्हणून नकार देता येत नाही, एवढ्या एका नियमावर तो उभा आहे. प्रीमियम दर वर्षी वाढतो, त्यावर मी दर वर्षी चिडतो. पण तो विमा आहे.

परवा रात्री मी बाबांना जॉन्सन यांच्या भूमिका समजावून सांगत होतो. बाबांनी वीज मंडळात ३४ वर्षं नोकरी केली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, सरकारचा कारभार कसा असतो ते मला सांगू नकोस, मी आत बसून पाहिलाय. पण नवी लाइन टाकताना जुनी आम्ही आधी तोडत नव्हतो. दवाखाना असायचा ना मध्ये."

मी आयटी सल्लागार. माझं पोटच त्यावर चालतं. जुनी सिस्टीम बदलायची असेल तर आम्ही ग्राहकाला तीन कागद देतो: आज काय आहे, उद्या काय असेल, आणि मधल्या काळात काम कसं चालेल. माझ्या अनुभवात प्रकल्प बुडतात ते तिसऱ्या कागदावर. जॉन्सन यांचा पहिला कागद खरा आहे, दुसरा नेटका आहे, तिसरा मला कुठे सापडला नाही. उन्हाळ्यात त्यांनी कार्बनवर शुल्क लावण्याची कल्पना मांडली आणि पक्षातून ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतली, तेव्हाही मला हेच वाटलं.

याचा अर्थ त्यांना दिलेलं मत वाया जातं, असं मी म्हणत नाही. वादचर्चेत उभं राहायला जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के लागतात, ते त्यांना मिळाले नाहीत, म्हणून ते मंचावर दिसले नाहीत. पण देशभरात पाच टक्के मतं पडली तर पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला सरकारी निधी मिळू शकतो. शिकागो ट्रिब्यूनसारख्या वर्तमानपत्राने त्यांना पाठिंबा दिला आहे. उलट बाजू अशी, की आपण नॉर्थ कॅरोलायनात राहतो. २००८ साली इथे ओबामा अवघ्या चौदा हजारांच्या आसपास मतांनी जिंकले होते. कॅलिफोर्नियातल्या माणसाला तिसऱ्याला मत देणं परवडतं. इथे तुमच्या एका मताचं वजन जास्त आहे, आणि ते जिथे टाकाल तिथे ते जाणवेल.

मी काय करणार? अजून ठरलेलं नाही. मी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले आहेत: या उमेदवारामुळे मला काय मिळेल, माझं काय जाईल, आणि मला मिळताना दुसऱ्या कोणाचं काय जाईल. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो आहे. दोन मोठ्या उमेदवारांसाठीही मी तोच कागद करतो आहे, आणि खरं सांगतो, त्यांचेही रकाने काही फार बरे दिसत नाहीत. तुम्हीही घरी करून बघा. नवरा-बायकोने वेगवेगळा करा, मग समोरासमोर ठेवा. आमच्याकडे त्यावरून एक संध्याकाळ स्वयंपाक राहिला, पण बोलणं चांगलं झालं.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. आपल्या राज्यात लवकर मतदान २० ऑक्टोबरला सुरू होतंय आणि ५ नोव्हेंबरपर्यंत चालेल. आणि ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्यांनी मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नये. डीएमव्हीत लायसन्स करताना कोणी विचारलं, तरी मी नागरिक नाही असं स्पष्ट सांगा. आई-बाबांना घेऊन गेलात तर त्यांचा फॉर्म स्वतः वाचा. त्या एका खुणेपायी ग्रीन कार्ड जाऊ शकतं.