फोटोखाली हिशेब छापा



मार्च १९३६. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याचे पीक गोठून गेले. तोडणीला आलेली माणसे उपाशी बसली. सरकारी नोकरीतल्या छायाचित्रकार डोरोथिया लँग तेथे पोचल्या. तंबूत लेकरांना घेऊन बसलेल्या ३२ वर्षांच्या आईचे त्यांनी फोटो काढले. तिने वय सांगितले, नाव त्यांनी विचारले नाही.

वर्तमानपत्रात फोटो आले आणि सरकारने छावणीला २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन अन्न पाठवले. तोवर ते कुटुंब पोटासाठी पुढे निघून गेले होते. फोटो जगभर गाजला. त्या आईचे, फ्लॉरेन्स थॉम्पसनचे नाव लोकांना कळले १९७८ साली. आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, असे तिने सांगितले.

फोटोत ताकद आहे. त्याने ९ टन अन्न हलवले. पण वाटाणा तोडायची मजुरी किती, हे त्यात दिसत नाही. दयेने एक वेळचे जेवण मिळते, घामाचे दाम हिशेब मांडल्याशिवाय मिळत नाहीत.

कर्त्या माणसाने जीव दिला की आपल्या दारातही कॅमेरे येतात. त्यांना हाकलू नका. एवढेच सांगा : घरच्या बाईला विचारूनच फोटो काढा. तिची मर्जी असेल तर नाव घाला. शेजारी उत्पादन खर्च, हाती आलेला भाव आणि कर्जाचा आकडा छापा.

हे आकडे प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला लिहून आणावेत.