घर गार, कर्ज हलकं

माण, खटाव, आटपाडी, जत, जिथून कुठून तुम्ही ऐकताय, तिथल्या सगळ्या बचत गटांना आमचा रामराम. आज आम्ही बोलणार आहोत नव्या घराबद्दल. घरकुल मंजूर झालंय, पण पैसा पुरत नाही, आणि बांधलेलं घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, हे आपल्या गटाच्या बैठकीत दर महिन्याला निघतं. म्हणून दोन्ही गोष्टी आज एकत्र घेऊ. वही-पेन असेल तर जवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीला शेजारी बसवा.

आधी मिळणाऱ्या पैशाचा हिशोब. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी १,२०,००० रुपये मिळतात. शौचालयाचे १२,००० वेगळे. रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ चा दर होता दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे ती झाली २८,०८०. २०२५ साली राज्य सरकारनं घरकुलाला ५०,००० रुपये वाढवून दिलेत. पण नीट ऐका. त्यातले ३५,००० घर बांधायला आहेत. उरलेले १५,००० छतावर एक किलोवॅटचं सौर संच बसवलं तरच मिळतात.

सौर बाजूला ठेवून बेरीज करू. एक लाख वीस हजार, बारा हजार, अठ्ठावीस हजार ऐंशी, पस्तीस हजार. झाले १,९५,०८०. म्हणजे एक लाख पंच्याण्णव हजार. यात घर बसवायचं आहे.

सरकारनं किमान २५ चौरस मीटर सांगितलंय, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. तुमच्या गावातल्या मिस्त्रीनं समजा फुटाला १,३०० रुपये सांगितले, तर खर्च होतो साडेतीन लाख. कमी पडतात दीड लाख. आता हेच घर ५०० फुटांचं धरलं तर खर्च साडेसहा लाखांवर जातो आणि कमी पडतात साडेचार लाख. आपल्या वाड्यावस्त्यांवर अर्धवट उभी घरं दिसतात ना, सज्जापर्यंत आलेली, वर सळया गंजलेल्या, त्यातल्या बऱ्याच घरांचं दुखणं हेच आहे. जोतं मोठं आखलं आणि पैसा भिंतीतच संपला. म्हणून आमचं पहिलं सांगणं, जोतं लहान आखा. पुढं खोली वाढवायची जागा सोडून ठेवा. लेकाचं लग्न ठरेल तेव्हा वाढवता येईल.

दुसरी अडचण हप्त्यांची. घरकुलाचा पैसा एकदम हातात येत नाही. जोतं झालं की फोटो, सज्जा झाला की फोटो, छत झालं की फोटो, आणि त्याप्रमाणे हप्ता खात्यात. म्हणजे आधी काम, मग पैसा. सिमेंटवाला मात्र तोवर थांबत नाही. इथंच बाई सावकाराच्या दारात जाते. शेकडा पाच म्हटलं की आपल्याला पाचच वाटतात, पण ते महिन्याचे पाच असतात. वर्षाचे साठ झाले. एक लाख घेतले तर वर्षाला साठ हजार नुसतं व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथं.

त्यापेक्षा स्वस्त वाटा आहेत. घरकुलाच्या लाभार्थीला ७०,००० रुपयांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्याची तरतूद या योजनेतच आहे, आणि व्याजात तीन टक्के सवलत. ग्रामसेवकाला विचारा, कुठल्या बँकेकडून होईल ते. दुसरी वाट उमेदच्या गटांची. महिला बचत गटाला तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. पुष्कळ जणींना वाटतं गटाचं कर्ज फक्त शेळ्या नाहीतर शिलाई मशीनला चालतं. तसं नाही. घर बांधणं, घराची दुरुस्ती, शौचालय, आणि महागडं जुनं कर्ज फेडणं, यालाही ते चालतं. मात्र हे तीन लाख अख्ख्या गटाचे असतात. एकीनं सगळे घेतले तर बाकीच्या नऊजणींनी काय करायचं? कुणाला कधी, हे बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहा.

आता व्याज कसं मोजतात ते समजून घेऊ, कारण फसगत तिथं होते. एक लाख रुपये, तीन वर्षं, बारा टक्के. एकजण म्हणतो सरसकट व्याज. म्हणजे वर्षाला बारा हजार, तीन वर्षांचे छत्तीस हजार. हप्ता बसतो ३,७७८ रुपये. दुसरा म्हणतो घटत्या मुद्दलावर व्याज. म्हणजे फेडाल तसं व्याज कमी होत जाणार. हप्ता बसतो ३,३२१ रुपये आणि तीन वर्षांचं व्याज होतं साधारण साडेएकोणीस हजार. दोन्हीकडं तोंडानं बाराच टक्के म्हणतात, पण फरक सोळा हजारांचा. सोळा हजारांत घराच्या खिडक्या येतात. म्हणून सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. व्याज सरसकट की घटत्या मुद्दलावर? आणि सगळं फेडून झाल्यावर माझ्या हातून एकूण किती रुपये गेलेले असतील? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या.

आपल्याला हिशोब जमत नाही असं कुणी म्हणू नये. म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली, त्याआधी तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण कागदावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. बँकेला परवाना मिळाला. ही आपल्याच तालुक्यातली गोष्ट आहे.

आता घर गार कसं ठेवायचं. आपल्या आजीचं माळवदाचं घर आठवा. जाड भिंती, वर मातीचा थर, बारकी धारी. चैत्रात बाहेर झळा असायच्या आणि आत गारवा. आज आपण वीतभर भिंत आणि चार इंचांची स्लॅब टाकतो. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते आपल्या अंगावर सोडते. मग दोन-दोन पंखे लावूनही झोप नाही.

कमी खर्चात करता येण्यासारखं सांगतो. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवू नका, तिथं मोरी, कपाट नाहीतर लाकूडफाट्याची जागा ठेवा. त्या बाजूला कडुनिंब लावा. खिडक्या समोरासमोर घ्या, म्हणजे वारा आरपार जातो. खिडकीवर दीड-दोन फुटांचा सज्जा काढा. स्लॅबवर दर वर्षी होळीच्या आधी चुन्याचे दोन हात मारा. पांढऱ्या छतावर आणि काळ्या छतावर दुपारी हात ठेवून बघा, आम्ही सांगायची गरज राहणार नाही. वीटकाम करताना विटा आडव्या न ठेवता उभ्या बसवून मधे पोकळी ठेवायची एक पद्धत आहे. लॉरी बेकर नावाच्या वास्तुतज्ज्ञांनी ती केरळात रुजवली. विटा चौथाईनं कमी लागतात आणि मधली हवा उष्णता अडवते. पण ही पद्धत येणारा मिस्त्री असेल तरच करा. शिकाऊ हातानं करू नका.

स्लॅब कधी टाकायची हेही ठरवा. तिला किमान दहा-बारा दिवस पाणी मारावं लागतं. वैशाखात टँकरचं पाणी विकत घेऊन स्लॅब भिजवणं परवडत नाही आणि कमी पाण्यावर ती तडकते. दिवाळीच्या आसपास विहिरीला पाणी असतं, तेव्हा टाका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जोतं पावसाळ्याआधी उरकावं, नाहीतर घर अर्धं आणि माणसं कारखान्यावर, अशी गत होते.

आता वीज. जुना पंखा ७५ वॅटचा असतो. रोज बारा तास लावला तर महिन्याला २७ युनिट खातो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा येतो, तो ११ युनिट खातो. महाग असतो, पण एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात. पंखा दहा वर्षं चालतो, एवढं धरून किंमत बघा.

सौर संचाला प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून एका किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान आहे. घरकुलवाल्यांना राज्याचे १५,००० वर. एक किलोवॅटला छतावर शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि उन्हाळी दिवसात रोज चारेक युनिट वीज होते. दोन-तीन पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर एवढं घर त्यात भागतं. पण अनुदान संच बसल्यावर, मीटर लागल्यावर खात्यात येतं. तोवरचा पैसा आपण उभा करायचा, म्हणून त्याचंही कर्ज आधीच विचारून ठेवा. वीजजोड स्वतःच्या नावावर हवा. आपल्याकडं वारं फार, म्हणून सांगाडा स्लॅबमध्ये पक्का रोवून घ्या. धूळही फार, तेव्हा आठवड्याला सकाळी उन्हं चढायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याच सातारा जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. गटाची सहल काढायचीच असेल तर तिकडं काढा.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचं असतं. तरी घर झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर पुष्कळ ठिकाणी एकट्या पुरुषाचंच नाव राहतं. हप्ते बाई फेडते, मजुरी बाई करते, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर तिला दार दाखवलं जातं. असं घडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी उताऱ्यावर नाव लावून घ्या. कर्जाला आपली सही चालते, तर घरालाही आपलं नाव चाललं पाहिजे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांचं घरकुल मंजूर आहे त्यांची यादी करा. प्रत्येकीचा नमुना आठ बघा. किती कमी पडतात ते एकेकीचं मांडा. आणि दोघीतिघी मिळून बँकेत जा, एकटीनं जाऊ नका.