नगावर मोजलेली विद्वत्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कालपासून या वर्गात उसाचा दर, कंत्राटी कामगार, वीजबिल अशा विषयांवर चर्चा झाली. त्या ओळीत संशोधनपर नियतकालिकांमधील नीतीचा विषय घेऊन मी उभा राहिलो, तेव्हा पुढे बसलेल्या एका ज्येष्ठ साथींच्या चेहऱ्यावर 'हा प्राध्यापकांचा घरगुती प्रश्न येथे कशाला?' असा भाव मला दिसला. त्यांची शंका रास्त आहे. म्हणून मी सुरुवात विडीपासून करतो.

विड्या वळणाऱ्या स्त्रीला मजुरी मिळते ती हजारी हिशेबाने. माल घेताना कारखानदाराचा माणूस काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो आणि त्यांची मजुरी बुडते. या पद्धतीविरुद्ध कामगार चळवळीने दीर्घ लढे दिले आहेत. आता महाविद्यालयाच्या आवारात या. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणूक आणि बढतीसाठी गुणांकपद्धती आणली. तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातील शोधनिबंधाला १५ गुण, परीक्षण न होणाऱ्या परंतु मान्यताप्राप्त व क्रमांकित नियतकालिकातील निबंधाला १० गुण. निबंधात काय म्हटले आहे हे न वाचताही ही बेरीज करता येते. आणि ती तशीच होऊ लागली. ही नगावरची मजुरीच होय. फरक एवढाच की, विडी वळणारीला नगामागे दाम मिळतात, येथे वळणारा स्वतःच दाम मोजतो आणि छाट मात्र कशाचीच निघत नाही.

मागणी निर्माण झाली की पुरवठादार जन्मास येतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा ठिकाणी २०१० साली सुमारे ५३ हजार निबंध छापले गेले होते. २०१४ साली ही संख्या ४ लाख २० हजारांवर गेली. या धंद्यातील प्रकाशकांपैकी शेकडा २७ भारतातील होते. 'सायन्स' या नियतकालिकाच्या एका वार्ताहराने २०१३ साली ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला. हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ साली फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा भुर्दंड ठोठावला. साखर, औषधे, वस्त्र यांची निर्यात आपण ऐकून होतो; ही त्यात नवी भर.

आयोगाने काहीच केले नाही असे नव्हे. मान्य नियतकालिकांची यादी केली. तिच्यात विद्यापीठांनी शिफारस केलेली नावे घुसली. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १००९ नावांची तपासणी केली, तेव्हा शेकडा ८८ हून अधिक निकृष्ट आढळली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. पुढे पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' नावाची नवी यादी आली. तेव्हा ठकांनी निराळी वाट शोधली: जुन्या, प्रतिष्ठित, परंतु स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या छापील नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडली आणि पैसे गोळा केले. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली आणि दर्जा ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवावा असे सांगितले. ज्या संस्थेला मानांकनात वर चढावयाचे आहे, तिच्याच हाती वजनकाटा देण्यात आला.

एक बारकावा पाहा. २०१८ च्या नियमावलीत दोन लेखकांनी मिळून निबंध लिहिला, तर प्रत्येकाला पूर्ण गुणांच्या शेकडा ७० गुण मिळतात. सामाजिक शास्त्रांत एका निबंधाचे गुण १०. म्हणजे एकट्याने लिहिले तर १०, दुसरे नाव जोडताच दोघांचे मिळून १४. एका अक्षराचीही भर न घालता चार गुण उत्पन्न होतात! वरकड मूल्याचा सिद्धान्त मी तीस वर्षे शिकविला, पण हा चमत्कार त्यात बसत नाही. ते दुसरे नाव बहुधा मार्गदर्शकाचे असते. निबंध विद्यार्थ्याने लिहावयाचा, छपाईचे पैसेही त्यानेच भरावयाचे आणि कायम वेतनावरील प्राध्यापकाने आपले नाव पुढे घालावयाचे. कुळाकडून खंड वसूल करणाऱ्या जमीनदारापेक्षा हा प्राध्यापक निराळा कसा, हे मला कोणी समजावून द्यावे.

या बाबतीत मीही धुतल्या तांदळासारखा नाही. निवृत्तीपूर्वी एका अनुदानित महाविद्यालयाच्या निवड समितीवर मी विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो. एका उमेदवार बाईंनी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले होते. त्यांचे निबंध दोनच. पण त्यांपैकी एक, सामाईक विहिरीवरील पाण्याच्या पाळ्यांविषयीचा, गावोगाव फिरून, सातबारा आणि वाटणीपत्रे पाहून लिहिलेला होता. दुसऱ्या उमेदवाराचे दोन वर्षांत १९ निबंध. एकच कोष्टक तीन मथळ्यांखाली आले आहे, हे माझ्या ध्यानात आले होते. गुणांचा तक्ता मात्र स्पष्ट होता. मी सही केली. बैठक जेवणाआधी संपली. काही महिन्यांनी त्या बाई मला बसस्थानकावर भेटल्या. त्यांनी एवढेच विचारले, "सर, तुम्ही माझा निबंध वाचला होता का?" मी तो वाचला होता.

आता वरच्या मजल्याकडे वळू. येथे ठक नाहीत, प्रतिष्ठित परदेशी कंपन्या आहेत. निबंध लिहिणाऱ्याचे वेतन बहुधा सरकार देते, संशोधनाचा खर्च सरकार करते, परीक्षक विनामूल्य राबतात. आणि तयार झालेला माल तेच सरकार पुन्हा विकत घेते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार नियतकालिकांसाठी तीन वर्षांचे ६ हजार कोटी रुपये. खेड्यातील विद्यार्थ्यालाही ती वाचता येतील, हा लाभ मी नाकारीत नाही. परंतु यांतील सर्वांत मोठ्या कंपनीचा नफा उलाढालीच्या शेकडा ३५ हून अधिक असतो. कोणत्या साखर कारखान्याला ही गोडी लाभली आहे? आणि मराठीतून समाजशास्त्रीय लेखन छापणारी आपली नियतकालिके टपालखर्चासाठी वर्गणीदारांकडे हात पसरतात.

यावरून आपल्या वर्तुळात एक सोपी मांडणी होते: प्रकाशक लुटारू, आयोग नोकरशाही, तेव्हा पैसे भरून निबंध छापणारा अध्यापक निव्वळ बळी. मला ती मान्य नाही. तो बळी आहे, पण त्याच्या १९ निबंधांनी एका बाईंची जागा घेतली. साधने तुटपुंजी असली की प्रामाणिकपणा परवडत नाही, असेही नाही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' १९६६ पासून मुंबईहून निघते. कृष्णराज यांनी ते १९६९ पासून २००४ पर्यंत चालविले. त्याच्या तिजोरीत कधी फार पैसा होता असे कोणी म्हणणार नाही. लेखकाकडून छपाईचे पैसे मात्र ते घेत नाही.

उद्याच्या सत्रात अध्यापकांच्या प्रश्नावर ठराव यावयाचा आहे. रिक्त जागा भराव्यात, तासिका तत्त्व बंद करावे, या मागण्यांना माझा पाठिंबा आहे. त्यात मी एक दुरुस्ती सुचवितो. उमेदवाराने आपले केवळ तीन निबंध सादर करावेत; समितीच्या प्रत्येक सदस्याने ते वाचून आपले मत लेखी नोंदवावे आणि ते मत उमेदवाराला पाहावयास मिळावे. विद्यार्थ्याच्या निबंधावर नाव घालणाऱ्या मार्गदर्शकाने आपण त्यात नेमके काय केले, हे सहीनिशी सांगावे. आपल्या अध्यापक साथींपैकी काहींना ही दुरुस्ती रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. काल रात्री जेवताना दोघांनी तसे बोलूनही दाखविले. त्यांनी उद्या उभे राहून विरोध करावा आणि अध्यक्षांनी दुरुस्ती मतास टाकावी, एवढीच माझी विनंती आहे.