जुन्या फियाटचा करंट

१९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११००डी तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पण हौसेनं सांभाळलेल्या पद्मिनी अजून अनेक घरांसमोर उभ्या आहेत. त्या सांभाळणाऱ्यांना आज एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे: इग्निशनचा बिघाड आणि चार्जिंगचा बिघाड वेगवेगळे धरून चालू नका.

‘सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी चांगली’ हे मी गॅरेजमध्ये नेहमी ऐकतो. ते खरं नाही. सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्ट खाली येतात आणि नेमका त्याच वेळी कॉइललाही त्याच बॅटरीतून करंट हवा असतो. व्होल्ट फार उतरले तर इंजिन फिरत राहतं, पण प्लगवरची ठिणगी मलूल, पिवळट पडते. मग पॉइंट बदलतात, प्लग बदलतात, कार्बोरेटर उघडतात, आणि चांगल्या गाडीत नवे घोळ होतात. म्हणून आधी मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना साधारण साडेनऊच्या वर राहायला हवेत, आणि इंजिन जरा रेस केल्यावर १४ च्या जवळ दिसायला हवेत. चौथं माप बहुतेक जण घेतच नाहीत. सेल्फ फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. अर्धा व्होल्टही दिसला, तर अर्थची पट्टी गंजलेली आहे. ती घासून घट्ट बसवणं फुकटचं काम आहे.

हे सगळं ठीक असेल, तरच डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट तुटतो आणि हजारो व्होल्ट उसळतात. तो करंट झटकन तुटावा, पॉइंटवरच ठिणगी होऊन वाया जाऊ नये, यासाठी कंडेन्सर असतो. नवे पॉइंट काही दिवसांतच जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्या. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि निवली की चालू होते, तेव्हा बंद पडल्या पडल्या प्लगची ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर, असेल तर पेट्रोलची लाइन.

आता डायनॅमो. मंद फिरताना तो फारसं चार्ज करत नाही. सिग्नलला उभं असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका. रेस केल्यावरही दिवा विझत नसेल, तर मात्र पट्टा, ब्रश आणि कटआउट बघा. कटआउटचे पॉइंट चिकटले, तर गाडी बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत रिकामी होत राहते.

ज्यांनी डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवला आहे, त्यांना हात जोडून विनंती. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढू नका. व्होल्ट उसळून डायोड जळतात. शिवाय बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या लाल दिव्यातूनच मिळतो. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर अल्टरनेटर खोलण्याआधी तो बल्ब बदलून बघा.